संदर्भ क्रमांक एकतीस

दोनशे चौदा संदर्भांपैकी एकशे ब्याण्णव हिरवे झाले, तेव्हा कुंदाताई वैरागड्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळ्यांत थेंब घातले. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा घालायला सांगितले होते. त्या सहा वेळा घालत. तरी दुपारी दोनच्या सुमारास पडद्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी हलायला लागतच.

चंद्रपुरातला एप्रिल होता. बाहेर पारा पंचेचाळीसवर गेलेला. खिडकीला ओला पडदा होता आणि तो अर्ध्या तासात कोरडाठाक होत होता. ‘उष्मा आणि आरोग्य’ या त्रैमासिकाच्या कचेरीत पूर्वी दोन संदर्भसाक्षी होते. एकाने गेल्या वर्षी डोळ्यांपायी काम सोडलं. आता कुंदाताई एकट्याच उरल्या होत्या, आणि त्यांच्याही निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. ते त्या मोजत नव्हत्या, पण विचारलं तर दिवसांचा आकडा सांगू शकल्या असत्या.

त्या या कामाला लागल्या तेव्हा ते स्वल्पविरामांचं काम होतं. आडनाव आधी की नाव, वर्ष कंसात की शेवटी, नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत की सरळ. प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा वेगळी. शास्त्रज्ञ मंडळी महिनोन्‌महिने प्रयोग करत आणि संदर्भसूची करायची वेळ आली की हातपाय गाळत. मग कोणीतरी म्हणे, ‘कुंदाला द्या.’

पुढे निबंध यंत्रं लिहू लागली आणि सगळं पालटलं. यंत्रांनी दिलेले संदर्भ इतके देखणे असत की कोणी उघडून बघत नसे. लेखक खरे, नियतकालिक खरं, पानांचे आकडेसुद्धा पटण्याजोगे. निबंध मात्र कोणी कधी लिहिलेलाच नसायचा. अशा नसलेल्या निबंधांच्या भरवशावर दुसरे निबंध उभे राहिले, त्यांच्यावर तिसरे, आणि त्यांच्यावर औषधांचे डोस ठरले. काही बाळं दगावल्यावर जगभरची नियतकालिकं जागी झाली. त्यातून ‘मूळशोध’ हे यंत्र आलं.

मूळशोध करत असे ते सांगायला सोपं होतं. ते निबंधातलं एकेक विधान उचलून उलट्या दिशेने चालायला लागे. हे तू कोणाच्या भरवशावर म्हणतोस? त्याने कोणाच्या भरवशावर म्हटलं? असं मागे मागे जात, जिथे एखाद्या माणसाने हातात थर्मामीटर, तराजू नाहीतर घड्याळ घेऊन खरोखर काही मोजलं, तिथवर. कोणी मोजलं, कशाने मोजलं, किती जणांवर मोजलं, हे सापडलं की संदर्भ हिरवा. नाही सापडलं की लाल. स्वल्पविराम वगैरे ते डोळ्याचं पातं लवायच्या आत लावून टाकी. पण एकदा यंत्रांनीच हात पोळले होते, म्हणून अखेरचा शब्द यंत्राचा नसे. लाल संदर्भापाशी माणसाने बसायचं, मुळापर्यंत स्वतः वाचायचं आणि सही करायची. तो साक्षी. त्याची सही त्या निबंधाला कायमची चिकटे.

एकशे त्र्याण्णवावा लाल झाला.

निबंध एका तरुण संशोधकाचा होता. वरोरा-भद्रावतीकडच्या सौरशेतांवर, म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेल्या सौरपट्ट्यांच्या रानात, काम करणाऱ्या बाया फार मोठ्या संख्येने चक्कर येऊन पडत होत्या. कामावर भोंगे असूनही पडत होत्या.

हे भोंगे सोळा वर्षांपूर्वीच्या नियमाने बसलेले. घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होतं. पण हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, नुसता वाहतो, आणि आतलं तापमान चढत जातं. म्हणून नुसता पारा बघून भागत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं, ते बघावं लागतं. हे ओलं तापमान ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की भोंगा मोजायला लागे : चाळीस मिनिटं काम, वीस मिनिटं सावली. देशभर हाच आकडा होता. संशोधकाने निष्कर्ष काढला होता की आकडा बरोबरच आहे, बायाच पाणी कमी पितात.

चाळीस या आकड्याचं मूळ काही मूळशोधला सापडत नव्हतं. कुंदाताई साखळी धरून मागे जाऊ लागल्या. हा निबंध त्या निबंधाचा दाखला देत होता, तो सरकारी मानकाचा, मानक एका अहवालाचा, अहवाल आणखी एका निबंधाचा. अकरावी कडी उघडली आणि त्यांचा हात थांबला.

देशकर आणि सहकारी. तीस वर्षांपूर्वीचा निबंध. अखेरीस बारीक अक्षरांत आभार : संदर्भसूचीसाठी कुंदा ठेंगडी.

ठेंगडी हे त्यांचं माहेरचं नाव.

निबंधात एका तक्त्याखाली तळटीप होती : ‘कष्टकरी स्त्रियांसाठी सलग कामाचा सुरक्षित काळ यापूर्वीच मोजला गेला असून आम्ही तोच धरला आहे (३१).’ आकडा तिथे दिलेलाच नव्हता, फक्त एकतीस. मागून आलेल्या माणसाने सूचीतला एकतिसावा संदर्भ उघडून पाहिला असणार. तो होता कसलेल्या तरुण जवानांवरचा अभ्यास. प्रयोगशाळेत, पंखा चालू ठेवून, पोटभर नाश्त्यानंतर केलेला. काळ चाळीस मिनिटं.

आणि त्याच्या वर तिसावा : ‘उईके, सुमित्रा. वीटभट्टीवरील स्त्रियांचे शरीरतापमान. अप्रकाशित प्रबंध.’

कुंदाताईंना सगळं लख्ख आठवलं. छपाईच्या आदल्या आठवड्यात सर म्हणाले होते, सत्ताविसावा संदर्भ दोनदा आलाय, एक काढ. त्यांनी तो काढला. पुढचे सगळे एकेकाने वर सरकले. मग मजकुरातले आकडे त्यांनी एकेक करून हाताने बदलले. तळटीप त्यांच्या नजरेतून सुटली. सूचीत सुमित्रा उईके एकतिसाव्या जागेवरून तिसाव्यावर गेली आणि तळटिपेतला एकतीस होता तिथेच राहिला, जवानांच्या नावावर.

त्यांनी पुन्हा थेंब घातले. मग उगाचच पडद्याला पाणी मारलं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या नागपूरला गेल्या. देशकर सर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. पत्नी गेल्यापासून धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. कुंदाताईंचे वडील अचानक गेले आणि एमेस्सी अर्ध्यावर सुटलं, तेव्हा सरांनीच त्यांना प्रयोगशाळेत टेबल दिलं होतं. लग्नात मामाच्या जागी सर उभे होते. अजूनही दर दिवाळीला त्या चिवडा घेऊन जात.

“दिवाळी नाही, काही नाही, आणि तू?” सरांनी दार उघडत विचारलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, “बस. आधी पाणी पी.”

कुंदाताईंनी सांगितलं. टेबलावरच्या गोळ्यांच्या डब्या सर एका ओळीत लावत राहिले.

“माझ्या हातून झालं, सर.”

“ठाऊक आहे मला.”

“म्हणजे?”

“मानक समितीवर मी होतो ना, कुंदा. मसुद्यात चाळीस बघितलं आणि चमकलो. घरी येऊन आपला निबंध काढला. पाच मिनिटांत कळलं.”

“सोळा वर्षं झाली त्याला.”

“हो.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत.”

सरांनी गोळ्यांची शेवटची डबी नीट लावली. “सुमित्राच्या प्रबंधात किती होतं आठवतं तुला? पंचवीस. त्या समितीत कंत्राटदारांची चार माणसं होती. त्यांना चाळीससुद्धा नको होतं. भोंगाच नको होता. त्याच्या आधी काय होतं? काहीच नव्हतं. बाया संध्याकाळपर्यंत राबायच्या. मी पंचवीस म्हटलं असतं तर सगळा नियम बारगळला असता. वाटलं, आधी भोंगा तर बसू दे. आकडा पुढे खाली आणू.”

“मग आणला का नाही?”

सर खुर्चीत मागे टेकले. पंखा फिरत होता.

“पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो,” ते म्हणाले. “मग समितीची मुदत संपली. मग ही आजारी पडली. मग वाटलं, आता कशाला. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात ते उगाच नाही. तुमच्या त्या यंत्राला कोणी हे शिकवलं नाही वाटतं.”

ते हसले, पण कुंदाताईंना हसू आलं नाही.

“तू काय करणार आहेस?”

“साक्ष द्यायची आहे.”

“‘मूळ अनुपलब्ध’ असा एक पर्याय असतो ना? प्रबंध छापलेला नाही, कुठल्या ग्रंथालयात नाही. अनुपलब्ध म्हटलंस तर खोटं होणार नाही. अकरा महिने राहिलेत तुझे. स्वतःच्या चुकीवर साक्ष दिलीस तर साक्षीपण जाईल.”

ते खरं होतं. अनुपलब्ध लिहिलं की संदर्भ पिवळा होई. आणि त्याच्या जागी ठेवायला दुसरा आकडा नसल्यामुळे आहे तो आकडा चालू राही.

“प्रबंध खरंच अनुपलब्ध आहे का, सर?”

सरांनी डोळे मिटले. त्या क्षणी ते फार म्हातारे दिसले.

“माळ्यावर आहे,” ते म्हणाले. “डाव्या हाताच्या ट्रंकेत. मला आता चढवत नाही.”

कुंदाताई स्टूल घेऊन चढल्या. गुडघा कुरकुरला. ट्रंकेत तळाशी, खाकी पुठ्ठ्यात बांधलेले एकशे दहा पानी टंकलिखित होतं. त्या खाली उतरल्या तेव्हा सर खिडकीशी, त्यांच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. कुंदाताईंनी नेहमीसारखा वाकून नमस्कार केला, पण तो पाठीला झाला.

---

परतीच्या बसमध्ये त्यांनी प्रबंध वाचला. एकोणीस बाया. प्रत्येकीचं नाव, वय, वजन, डोक्यावर किती विटा, सकाळी काय खाल्लं. बहुतेक रकान्यांत ‘चहा’ एवढंच. दर दोन मिनिटांनी तापमान. आकडे सरळ, नेटके, कुठे खाडाखोड नाही. बाविसाव्या ते अठ्ठाविसाव्या मिनिटाच्या दरम्यान एकोणिसांपैकी सतरा जणींचं तापमान धोक्याच्या रेषेवर गेलं होतं.

वरोऱ्याच्या पुढे त्यांनी कंडक्टरला बस थांबवायला सांगितलं. आपण का उतरलो हे त्यांना नीटसं सांगता आलं नसतं. रस्त्याला लागूनच सौरशेत होतं. पट्ट्या बसवायचं काम चालू होतं, तीस-पस्तीस बाया लोखंडी खांब वाहत होत्या. मधोमध भोंग्याचा खांब, त्यावर लाल आकडे पळत होते. कुंदाताई रखवालदाराच्या टपरीच्या सावलीत उभ्या राहिल्या आणि काम पुन्हा सुरू झालं तेव्हापासून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

तेविसाव्या मिनिटाला एक बाई खांबाला टेकली. सव्विसाव्याला दुसरी बसली. तिला दोघींनी आडोशाला ओढलं. भोंगा गप्पच होता.

बायांची मुकादम ललिता मडावी होती. चाळिशीची, डोक्याला ओलं फडकं बांधलेलं. ती संशयाने जवळ आली.

“कोन हवं जी बाई? कंपनीच्या का?”

“नाही. मी कागद तपासते. भोंग्याच्या नियमाचे.”

“मंग तपासा न बरोबर.” ललिता फटकन म्हणाली. “मांगच्या महिन्यात एक पोरगा आला होता. म्हने तुमी पानी कमी पिता. अरे बाबा, पानी पिलं तर जायाचं कुठं? अन् पानी पिऊन का होते? भोंग्याच्या आधीच आमी पायीपायीनं, एकेक करून, बसतो. साहेब इकडं पाहून राहिला का तिकडं, ते पाहून. तो भोंगा आमच्यासाठी नाही वाजत.”

“किती वेळाने बसता?”

“घड्याळ कोनाकडं हाय? घाम यायचा बंद झाला का बसाचं. आंग कोरडं पडलं म्हंजे समजाचं, आता काही खरं नाही.”

कुंदाताईंनी मान हलवली. दोन तासांनी पुढची बस मिळाली. चंद्रपूरपर्यंत त्या उभ्यानेच आल्या.

---

साक्षपत्रात सात रकाने होते. संपादक डॉ. शबाना काझी त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. वयाने पंधरा वर्षांनी लहान, पण काम त्यांनी कुंदाताईंच्याच हाताखाली शिकलेलं.

“‘क्रमांकदोष’ एवढं लिहा ना, ताई. कोणाचा ते कशाला?”

“रकाना आहे, मॅडम.”

“रिकामा ठेवता येतो.”

“बाकीच्यांचा मी कधी ठेवू दिला नाही.”

त्यांनी लिहिलं : कुंदा वैरागडे, पूर्वाश्रमीच्या ठेंगडी. लिहून झाल्यावर खांदे जरा सैल झाल्यासारखे वाटले.

सहावा रकाना होता : ‘हा दोष यापूर्वी कोणाच्या लक्षात आला होता का? असल्यास नाव.’

इथे मात्र त्या पाऊण तास बसून राहिल्या. शबाना मध्ये चहा ठेवून गेल्या. चहावर साय धरली. स्वतःचं नाव लिहिणं ही आपलीच कातडी होती. ही दुसऱ्याची होती, आणि त्या माणसाने त्यांना एकेकाळी उभं केलं होतं. ‘नाही’ असं लिहिलं तर कोणाला कळणार होतं? मूळशोधला माणसाच्या मनातलं वाचता येत नव्हतं. सर आणखी किती वर्षं जगणार होते? पण आजवर इतक्या लोकांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : हे तुम्ही कोणाच्या भरवशावर म्हणता? या रकान्यात ‘नाही’ लिहिलं तर त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर उरणार नव्हतं.

त्यांनी फोन लावला.

“सर, सहाव्या रकान्यात मी तुमचं नाव लिहिते आहे. पाठवायच्या आधी सांगावं म्हटलं.”

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज झाला.

कुंदाताईंनी नाव लिहिलं, सही केली आणि पाठवून दिलं. सहाशे बारा निबंधांमध्ये एकाच दुपारी तो आकडा लाल झाला. इतकं शांतपणे झालं की शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळलं नाही.

पुढे जे झालं ते चांगलं की वाईट हे बरेच दिवस ठरत नव्हतं. नियम स्थगित झाला आणि पहिल्याच आठवड्यात कंत्राटदारांनी बायांना घरी बसवलं. बायांना पंचवीसच मिनिटं झेपतात ना, मग पुरुषच घेऊ, म्हणाले. ललिता मडावीने कुठून तरी नंबर मिळवला. “बाई, तुमच्या कागदानं आमच्या पोटावर पाय आला,” एवढं बोलून तिने फोन बंद केला. कुंदाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. तीन आठवड्यांनी हंगामी आदेश निघाला : पंचवीस मिनिटं, आणि तीही सगळ्यांना, बाई असो की बाप्या, कारण जवानांचे कसलेले पाय, भरलेलं पोट आणि पंखा पुरुष मजुरांकडेही नव्हता. बाया कामावर परतल्या. ललिताचा मात्र पुन्हा फोन आला नाही.

कुंदाताईंचं साक्षीपण गेलं. शबानांनी त्यांना जुन्या अंकांची सूची करायला बसवलं आणि उरलेले महिने कोणी काही बोललं नाही. सरांचंही कुंदाताईंना काही आलं नाही. कचेरीच्या नावाने मात्र एक पोस्टकार्ड आलं, थरथरत्या अक्षरात : ‘श्रीमती वैरागडे यांनी सहाव्या रकान्यात लिहिले ते सत्य आहे. य. रा. देशकर.’ बाकी काही नाही. कुंदाताईंनी दिवाळीला चिवडा कुरिअरने पाठवला. तो परत आला नाही, पोचल्याचंही कळलं नाही.

कायमचं मानक बनवायला सुमित्रा उईकेचा प्रबंध जगासमोर ठेवणं भाग होतं, आणि त्याला तिची संमती हवी होती. तिला शोधायचं काम शबानांनी कुंदाताईंवर सोपवलं. महिनाभर त्या फोन करत राहिल्या. अखेर एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत सुमित्रा सापडली. तिथे ती गणित शिकवत होती.

सकाळची वेळ होती. फोनमध्ये मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. कुंदाताईंनी सगळी हकिगत सांगितली. चूक कोणाची होती तेही सांगितलं.

“माझा प्रबंध?” सुमित्रा म्हणाली. “तो तर मी दिलाच नाही कधी. पदवी नाही मिळाली त्यावर.”

“का?”

“देशकर सरांना वीस बाया हव्या होत्या. माझ्याकडे एकोणीस झाल्या.”

“एक मिळाली नाही?”

“मिळाली होती. विसावी मीच होते. माझी आई त्याच भट्टीवर होती, मीही सुट्टीत विटा वाहायची. मी माझंच तापमान घेतलं, सगळ्यांसारखं, दर दोन मिनिटांनी. सर म्हणाले, हे चालत नाही. संशोधकाने स्वतःला मोजायचं नसतं. ते पान काढून टाक. मी काढलं. मग मन उडालं.”

आता कुंदाताई साक्षी नव्हत्या, विचारायचा अधिकार नव्हता. तरी त्यांनी विचारलं.

“तुम्ही किती वेळ टिकलात, सुमित्राताई?”

“बावीस मिनिटं,” ती लगेच म्हणाली. तीस वर्षांनीही तिला आठवावं लागलं नाही. “पण ते कागदावर. बाविसाव्या मिनिटाला वाचन घेतलं, लिहिलं, आणि परत पाटी उचलली. संध्याकाळपर्यंत वाहिल्या मी विटा. सगळ्याच वाहत होत्या.”